महाद्वार रोड: गाडी लांब लावा आणि चालत बघा

कोल्हापूरला आलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा खातो, चप्पल घेतो आणि परत जातो, आणि ह्या सगळ्यात तो महाद्वार रोडवरनं दोन-तीनदा तरी गेलेला असतो, पण रोड म्हणून त्याच्याकडं कोण बघतच नाही. म्हणून हा रिव्ह्यू देवळाचा नाही, कुठल्या एका दुकानाचा पण नाही, ह्या रोडचा आहे. बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीपर्यंतचा सगळा पट्टा आणि महाद्वाराच्या समोरनं पश्चिमेला रंकाळ्याकडं जाणारा ताराबाई रोड, हे दोन्ही मी एकच धरतोय कारण एकाशिवाय दुसरा कळत नाही. पाचपैकी चार स्टार. पाचवा का नाही दिला ते खाली सविस्तर लिहिलंय, आणि मला तो मनापासून द्यायचा होता.

सुरुवात बिनखांबी गणेश मंदिरापासून करा. छोटं देऊळ आहे, नावाप्रमाणं आत एकही खांब नाही, पाच मिनिटात दर्शन होतं आणि बाहेर येऊन उत्तरेकडं तोंड करून उभारलं की रोड सुरू. रुंद नाही हे आधीच सांगतो. दोन्ही बाजूला खाली दुकानं, वर राहती घरं, साड्या, खण, बांगड्या, पितळेची समई-निरांजनं, लहान पोरांचे कपडे, देवाचे फोटो, सगळं एकमेकाला खेटून. मान वर करून चाललात तर जुन्या घरांच्या लाकडी गॅलऱ्या अजून काही ठिकाणी दिसतात, खालचं दुकान काचेचं आणि एसीचं झालेलं असतं पण वरचा मजला आजोबांच्या काळातलाच असतो, आणि त्या गॅलरीत कोणतरी आज्जी बसून खालची गर्दी बघत असतात. हे बघायला कोण थांबत नाही, सगळे खाली सेलच्या बोर्डाकडं बघत चाललेले असतात, पण माझं ऐका, एकदा नुसतं वर बघत चाला. फक्त मागनं येणाऱ्या टू-व्हीलरकडं पण लक्ष ठेवा.

वेळ कुठली हे फार महत्त्वाचं आहे. सकाळी आठच्या आत या. शटर बंद, रस्ता झाडलेला, फुलवाल्या मावश्या टोपल्या मांडत असतात आणि शेवंती-झेंडूचा वास पार लांबपर्यंत येतो. ह्या वेळी रोडची खरी लांबी-रुंदी कळते, कुठं वळतो, कुठं चिंचोळा होतो, कुठली इमारत पुढं आलीय ते सगळं दिसतं. अकरानंतर मग गर्दी, आणि संध्याकाळी सहा ते नऊ तर खांद्याला खांदा. गर्दी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, गर्दी हाच ह्या रोडचा धंदा आहे, पण पहिल्यांदा बघायला येणाऱ्यानं एकदा सकाळी यावंच.

मधोमध महाद्वार. देवळाला चार बाजूंनी दरवाजे आहेत, उत्तरेला घाटी दरवाजा, पूर्व दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ हायस्कूलच्या बाजूचा, आणि पश्चिमेचं हे महाद्वार, सगळ्यात मानाचं. रांगेत उभारायचं नसंल तरी इथं पाच मिनिटं थांबाच. कमानीतनं आत नजर टाकली की सरळ आतलं दिसतं, काळा दगड, गर्दी, आणि बाहेरचे कितीतरी कोल्हापूरकर असे की जे रोज कामावर जाताना गाडी न थांबवता इथनंच हात जोडून जातात. देऊळ चालुक्य-शिलाहारांच्या काळातलं, मधे मुघलांच्या धामधुमीत मूर्ती लपवून ठेवली होती, कपिलतीर्थाजवळ एका पुजाऱ्याच्या घरी ठेवलेली असं जुनी माणसं सांगतात, आणि १७१५ ला दसऱ्याच्या दिवशी परत देवळात बसवली. ते कपिलतीर्थ म्हणजे आता भाजी मंडई आहे, ताराबाई रोडला लागूनच. मेथीची पेंडी घेताना आपण कुठं उभारलोय हे माहीत असलं की भाजी घेणं पण वेगळं वाटतं, निदान मला तरी वाटतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलोय ते. किरणोत्सव.

अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे. वर्षातनं दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं रंकाळ्याच्या बाजूनं ताराबाई रोडवरनं येतात, महाद्वारातनं आत शिरतात आणि पार गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन म्हणजे मूर्तीसमोरचा कठडा, असे टप्पे आहेत आणि बाहेर उभारलेल्या लोकांना हे सगळे पाठ असतात, "आलं आलं, पितळी उंबऱ्याला आलं" असं एकमेकाला सांगत असतात. मग चरण, मग गुडघे, कंबर, आणि सगळं जुळून आलं तर चेहरा. सूर्य खाली जाईल तसे किरण आडवे होत जातात, म्हणून बाहेर सूर्य उतरत असतो आणि आत उजेड वर चढत असतो. नोव्हेंबरमध्ये हे पावणेसहाच्या आसपास होतं, जानेवारी-फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमाराला, आणि मूर्तीवरचा उजेड अगदी थोडी मिनिटं टिकतो.

दोनदाच का, असं माझ्या पुतण्यानं विचारलं होतं आणि मला तो प्रश्न लई आवडला. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकत जातो आणि मग परत फिरतो. म्हणजे त्या दिवसाच्या साधारण चाळीस-बेचाळीस दिवस आधी तो क्षितिजावर जिथं मावळतो, तिथंच तो तेवढ्याच दिवसांनी नंतर परत मावळतो. कॅलेंडर घेऊन १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर आणि तिथनं १ फेब्रुवारी मोजा, जुळतंय. आणि ह्याचा अर्थ असा पण होतो की देवळाचा रोख अगदी नेमक्या पश्चिमेला नाही, जरा दक्षिणेकडं आहे, नाहीतर हे मार्च आणि सप्टेंबरमध्ये झालं असतं. कंपास, ड्रोन, सॉफ्टवेअर काही नसताना कोणीतरी वर्षानुवर्षं मावळती बघत बसलं असणार, खुणा करून ठेवल्या असणार, आणि मग दगड रचला असणार. त्या माणसांची नावं पण आपल्याला ठाऊक नाहीत.

त्या दिवसांत आत सगळ्यांना जागा मिळत नाही, म्हणून मी बाहेरगावच्या पाहुण्यांना एक सांगतो, आत घुसायचा हट्ट करू नका. महाद्वारासमोर पाठ देवळाकडं करून उभारा आणि ताराबाई रोडच्या टोकाकडं बघा. सूर्य दोन्ही बाजूच्या घरांच्या मधल्या फटीत उतरत येतो, रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्या लांबत लांबत थेट तुमच्या पायापर्यंत येतात, सगळी दुकानं तांबूस होतात. मग गर्रकन वळून कमानीकडं बघा. ह्यासारखं दुसरं काही मी तरी कुठल्या शहरात बघितलेलं नाही. एका वर्षी एका फुलवाल्या मावशींनी स्वतःहून आपल्या टपरीवरची ताडपत्री गुंडाळून ठेवलेली मी बघितली, विचारलं तर म्हणाल्या, "आईच्या वाटंत आडवं कशाला यायचं बाबा."

आणि म्हणूनच पाचवा स्टार गेला. कारण मावशींना जे कळतंय ते सगळ्यांना कळत नाही. किरणांच्या वाटेत वाढीव मजले आहेत, पत्र्याची शेड आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, होर्डिंगचे सांगाडे आहेत, केबल तर इतक्या की वर बघितलं की आभाळाच्या चिंध्या दिसतात. काही वर्षी किरणं चरणापर्यंत येऊन थांबतात, काही वर्षी कमरेपर्यंत. ढग, धूर, धूळ ह्याचा पण हात असतो, सगळा दोष इमारतींचा असं नाही, आणि मोजमापं घेऊन काही अडथळे काढले पण आहेत हे खरं आहे, त्याचा फरक पण पडलेला आहे. पण दर वर्षी ह्या सहा दिवसांच्या तोंडावर धावपळ होते आणि बाकीचे दिवस कोण बोलत नाही. हा रोड म्हणजे देवळाच्या गाभाऱ्याचाच बाहेर आलेला भाग आहे. इथं एक मजला चढवणं म्हणजे नुसती आपल्या मालकीच्या जागेची गोष्ट नाही हो. माझी कळकळ एवढीच आहे की ताराबाई रोडवर आणि महाद्वाराच्या तोंडाशी किती उंच बांधायचं, कुठं बोर्ड लावायचा, हे कायमचं ठरावं आणि केबल जमिनीखालनं न्याव्यात. ते झालं की पाच काय, सहा स्टार देतो.

असो, पुढं चला. महाद्वाराच्या जरा पुढं उजव्या हाताला गुजरी. सोन्या-चांदीची पेठ. ज्यांना मोठ्या चकचकीत शोरूमची सवय आहे त्यांना इथली दुकानं लहान वाटतील, पण गादीवर बसलेल्या काकांना "कोल्हापुरी साज बघायचाय" म्हणा आणि मग बघा. साजात एकवीस पानड्या असतात, दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगळाच्या, दोन माणिक-पाचूच्या आणि एक डोरल्याची, असा हिशोब आहे, आणि मासा, कासव, चंद्र, कमळ, शंख, बेलपान असे आकार एकेक करून हातानं काढून दाखवतात. घ्यायचा नसला तरी चांगल्या दुकानात समजावून सांगतात हा माझा अनुभव आहे, फक्त लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा त्यांना खरंच श्वास घ्यायला फुरसत नसते. ठुशी, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ हे पण इथं बघण्यासारखं. सोनं परवडत नसंल तर एक ग्रॅमवाल्यांची दुकानं रोडवरच आहेत, माझ्या वहिनी तिथलीच ठुशी घालतात आणि छान दिसते.

चप्पल. पापाच्या तिकटीच्या बाजूला आणि इकडं शिवाजी चौकाच्या अंगाला दुकानांच्या ओळीच आहेत. इथं जरा सावध राहावं लागतं. खरी कोल्हापुरी कातड्याचीच असते, तळापासून वरपर्यंत, हातानं शिवलेली, शिवण चामड्याच्याच वादीची, लोखंडी खिळा नाही, आणि कातडं हिरडा आणि बाभळीची साल असल्या गोष्टी वापरून कमावलेलं. पायात घातल्यावर पहिले काही दिवस चावणार, तेल लावा, घरात घालून फिरा, मग ती पायाचा आकार घेते. माझ्या मावशीला एका दुकानात, नाव लिहीत नाही, वरनं कातडं आणि मधे चक्क पुठ्ठा असलेली चप्पल "खास कोल्हापुरी" म्हणून दिली, पहिल्या पावसात फुगली. मावशी दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर आल्या तेव्हा आम्ही दुसरीकडं गेलो, तिथल्या दादांनी चप्पल उलटी करून, कडा दाखवून, कुठं किती थर आहेत ते सांगितलं, तेव्हा कुठं बरं वाटलं. तर कडेनं बघा, वजन बघा, वाकवून बघा, वास घ्या. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी असे प्रकार नावानं विचारलेत की दुकानदार पण ओळखतो की गिऱ्हाईक माहितीचं आहे. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असंलच. तेव्हापासनं बाहेरचे लोक जास्त विचारतात. पण भाव करताना कारागिराच्या मजुरीचा विचार करा, एक जोड हातानं करायला किती कष्ट आहेत ते एकदा बघितलं की घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

गुजरीतनं पूर्वेला बाहेर पडलं की भाऊसिंगजी रोड, तिथं वेळ असंल तर वळाच. एका हाताला भवानी मंडप, जुना राजवाडा, आत तुळजाभवानीचं देऊळ. दुसऱ्या हाताला शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा. ह्याच चौकात आधी इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीच्या काळात लोकांनी तो विद्रूप केला, फोडला, आणि १९४५ ला भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेऊन तिथं शिवाजी महाराज बसवले. स्वातंत्र्याच्या आधी हं. आणि तिथनं थोडं चाललं की बिंदू चौक, तटाची जुनी भिंत आणि शेजारी शेजारी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर. भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० ला हे पुतळे उभे केले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. एवढ्याशा अंतरात एवढं सगळं आहे आणि कुठंही नीट वाचता येईल असा माहितीफलक सापडणं मुश्कील, जे आहेत ते एक तर धुळीनं भरलेले नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागं. टाऊन हॉलचं म्युझियम सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, १८७२ ते ७६ मधली इमारत, तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कसा आला ते बघायला पोरांना घेऊन जावा.

बिनखांबीच्या दक्षिणेला मिरजकर तिकटी आणि पुढं खासबाग. शाहू महाराजांनी रोमचं आखाडा-थिएटर बघून आल्यावर बांधलेलं कुस्तीचं मैदान, आणि त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, पूर्वीचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ ला ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभारून रडत होती, मी पण त्यात होतो. ह्याच्यावर रिव्ह्यूमध्ये आणखी काय लिहू, एवढंच की कोल्हापूरला आलात तर तिथं जाऊन उभारा, ह्या शहरानं नाटकावर आणि कुस्तीवर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना कसं प्रेम केलंय ते दिसतं.

सणांचं सांगितलं नाही तर रोड अर्धाच राहील. गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूक मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशी जाते, मानाचा पहिला तुकाराम माळी तालमीचा. प्रत्येक मंडळाला महाद्वार रोडवरनंच जायचं असतं, त्यासाठी तासन् तास रांगेत उभारतात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं. लेझीम, झांज, ढोल हे बघायला संध्याकाळी लवकर जागा धरा. रात्रीच्या साऊंड सिस्टिमनं मात्र जुन्या घरांच्या काचा थरथरतात, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, हे आमच्याच पोरांना आम्हीच सांगायला पाहिजे. ह्याच्या अगदी उलट बघायचं असंल तर नवरात्रातली अष्टमीची रात्र. अंबाबाई वाहनात बसून नगरप्रदक्षिणेला निघते, महाद्वार, गुजरी, भवानी मंडप करत परत येते. वाटेवर लोक पाणी मारून घेतात, रांगोळ्या, फुलांच्या पायघड्या, दुकानदार आपापल्या दारात ओवाळायला कुटुंबासकट उभे. वर्षभर ज्या रोडवर आपण हॉर्न वाजवत जातो तो त्या रात्री अंगणासारखा स्वच्छ असतो. म्हणजे मनात आणलं तर जमतंय की!

खाण्याचं थोडक्यात, त्याच्यावर बाकीच्यांनी लिहून लिहून संपवलंय. मिसळ गल्लीबोळात कुठंही खावा, कट म्हणजे रस्सा वेगळा मागा, बरोबर ब्रेड येणार, पाव नाही, हट्ट करू नका, ब्रेडच बरा लागतो. भेळ खायची तर खासबागला राजाभाऊंची. आणि पापाच्या तिकटीहून पुढं गंगावेशला जायची ताकद असंल तर तिथला दूध कट्टा चुकवू नका, म्हशी तिथंच उभ्या असतात, तुमच्या समोर धार काढतात आणि फेसाळ गरम ग्लास हातात. तालमीतली पोरं शेजारी उभारून पीत असतात. लहान पोरांना हे दाखवाच, दूध पिशवीतनं येत नाही हे कळतं.

संध्याकाळी ताराबाई रोडनं सरळ रंकाळ्यावर उतरा, चालत दहा-पंधरा मिनिटं. ताराबाई रोड महाद्वारपेक्षा शांत, घरगुती, आणि शेवटाला एकदम मोकळं पाणी आणि आभाळ, पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा. इतक्या गच्च गर्दीतनं येऊन असं उघडं होणं, ह्यासाठी तरी चालतच जायला पाहिजे, रिक्षातनं ते कळत नाही. कठड्यावर बसा, कणीस खावा.

आता तक्रारी. एक, चालणाऱ्या माणसाला जागा नाही. फूटपाथ आहे तिथं दुकानाचा माल बाहेर, त्याच्या पुढं फेरीवाला, त्याच्या पुढं पार्क केलेली बाईक, आणि मग उरलेल्या जागेत आपण, मागं हॉर्न. फेरीवाल्यांना हाकला असं मी म्हणत नाही, कंगवे-टिकल्या-रुमाल विकणारी ती माणसं पिढ्यान् पिढ्या ह्याच रोडवर आहेत, पण गाड्यांना इथं काय काम आहे? दिवाळीत गर्दी झाली की वाहनं बंद करतातच ना, मग रोज संध्याकाळी का नको. दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक तुटंल. दिवाळीत गाड्या बंद असतात तेव्हाच सगळ्यात जास्त धंदा होतो हे त्यांनाच विचारा. दोन, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट शोधायला फार फिरावं लागतं, लांबनं आलेल्या भाविक बायका, बरोबर म्हातारी सासू, लहान पोरगी, त्यांची काय अवस्था होते ते माझ्या घरातल्यांनी अनुभवलंय. तीन, बसायला एक बाक नाही. म्हातारी माणसं दुकानाच्या पायरीवर बसतात, चांगले दुकानदार काही बोलत नाहीत, उलट पाणी विचारतात, पण बाक असायला पाहिजेत.

बाहेरनं येणाऱ्यांसाठी: चारचाकी बिंदू चौकात नाहीतर दसरा चौकात लावा आणि तिथनं चाला, गल्लीत घालायचा प्रयत्न केलात तर अर्धा तास तिथंच जाणार. एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनवरनं रिक्षा करा, "महाद्वार" म्हटलं की पुरे. शुक्रवारी, मंगळवारी, रविवारी आणि नवरात्रात दर्शनाची रांग मोठी असते, निव्वळ रोड आणि खरेदीसाठी येत असाल तर बुधवार-गुरुवार बघा. कॅश थोडी ठेवा, ऑनलाईन पेमेंट बहुतेक सगळीकडं चालतं पण फुलवाल्या मावश्यांकडं सुट्टे पैसे दिलेले बरे. आणि तारखा जुळत असतील तर नोव्हेंबरचे ते तीन दिवस नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीचे तीन धरूनच तिकीट काढा, चार-साडेचारपर्यंत महाद्वारासमोर पोचा, उजव्या-डाव्या कुठल्या बाजूला उभारलो की मावळती दिसते ते तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, हातातलं काम सोडून दाखवतात.